एकचाकी आणि तीन चेंडू
(क्लॉड शॅनन यांचें अल्पचरित्र)

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं चौथ्या तासाला आम्ही इयत्ता नववीच्या वर्गांत भूमितीचें एक प्रमेय शिकवीत होतों. फळ्याकडे तोंड असतां मागल्या बांकाखालून कांहीं तरी पडल्याचा मऊ आवाज झाला. वळून पाहतों तों एक लिंबू घरंगळत आमच्या टेबलापाशीं येऊन थांबलें होतें. चौकशीअंतीं आणखी दोन लिंबें एका विद्यार्थ्याच्या खिशांत सांपडलीं. हा मुलगा मधल्या सुट्टींत तीन लिंबें एकामागून एक उडवून झेलण्याचा अभ्यास करीत असे, आणि त्या दिवशीं त्याला सुट्टी होईपर्यंत धीर निघाला नाहीं. आम्हीं लिंबें जप्त केलीं आणि वर्गासमक्ष त्याला चार शब्द सुनावले. त्या चार शब्दांचा मथितार्थ असा होता कीं, असल्या निरुपयोगी चाळ्यांनीं कोणाचें कधीं भलें झालेलें आम्हांस ठाऊक नाहीं. मुलगा खालीं मान घालून बसला. तो वर्गांत सर्वांत अधिक प्रश्न विचारणारा मुलगा होता. त्या दिवसापासून त्यानें प्रश्न विचारणें बंद केलें. ही गोष्ट आमच्या ध्यानांत यावयास महिना लागला.

पुढें दिवाळीच्या सुट्टींत क्लॉड शॅनन या गणितज्ञाचें चरित्र वाचण्याचा योग आला, आणि आपण वर्गांत जें ठासून सांगितलें तें धडधडीत चुकीचें होतें असें आम्हांस कळून आलें. चूक सर्वांसमक्ष केली, तेव्हां तिची दुरुस्तीहि सर्वांसमक्ष व्हावी, या हेतूनें तें चरित्र येथें थोडक्यांत सांगतों. पालकमंडळींनींहि तें वाचावें अशी विनंती आहे. कारण चूक केवळ शिक्षकच करितात असें नाहीं.

क्लॉड एलवुड शॅनन यांचा जन्म ३० एप्रिल १९१६ रोजीं अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत पेटॉस्की या गांवीं झाला. बालपण मात्र जवळच्याच गेलॉर्ड नांवाच्या लहानशा गांवांत गेलें. वडील व्यापारी असून कांहीं काळ न्यायाधीशाचेंहि काम पाहत. आई भाषा शिकवीत असे व पुढें ती गांवच्या हायस्कुलाची मुख्याध्यापिका झाली. वडील बहीण कॅथरिन ही गणितांत मोठी हुशार होती, आणि ती घालीत असलेलीं कोडीं सोडवितां सोडवितां धाकट्या भावाला त्या विषयाची गोडी लागली. क्लॉडला पुस्तकांइतकेंच तारांचें, खिळ्यांचें आणि मोडक्या यंत्रांचें वेड होतें. त्यानें विमानाच्या प्रतिकृती केल्या, रेडिओनें चालणारी एक नाव केली, आणि अर्ध्या मैलावर राहणाऱ्या आपल्या मित्राच्या घरापर्यंत चक्क तारायंत्र उभारलें. इतक्या अंतरापुरती तार विकत घेण्याची ऐपत मुलांना कोठून असणार? कुरणांच्या कडेनें जें कांटेरी तारेचें कुंपण गेलेलें होतें, त्याच तारेंतून या दोघांनीं आपले निरोप धाडले. एडिसन हा क्लॉडचा आदर्श पुरुष होता. आणि पुष्कळ वर्षांनीं त्याला असें समजलें कीं, एडिसन हे आपले दूरचे नातलगच लागतात.

सन १९३२ मध्यें हायस्कूल संपवून तो मिशिगन विद्यापीठांत गेला. विद्युत्-अभियांत्रिकी घ्यावी कीं गणित घ्यावें हें त्याला ठरवितां येईना, म्हणून त्यानें दोन्ही विषय घेतले व सन १९३६ मध्यें दोन्हींतहि पदवी मिळविली. हा अनिश्चय पुढें जगाच्या मोठ्या उपयोगीं पडला. तो कसा, तें आतां सांगतों.

पदवीनंतर शॅनन मॅसॅच्युसेट्स राज्यांतील 'एम. आय. टी.' या नामांकित तंत्रविद्यालयांत दाखल झाले. तेथें व्हॅनिव्हर बुश या प्राध्यापकांनीं दांतेरी चाकांचें आणि लांबलांब दांड्यांचें एक खोलीभर पसरलेलें गणकयंत्र बांधलें होतें. त्याची देखभाल शॅनन यांच्याकडे आली. यंत्राचें नियंत्रण करणाऱ्या भागांत पुष्कळशा 'रिले' होत्या. रिले म्हणजे विद्युत्-चुंबकाच्या ओढीनें आपोआप उघडणारी व मिटणारी कळ. हा पसारा न्याहाळीत असतां शॅनन यांना विद्यापीठांत शिकलेल्या एका जुन्या विषयाची आठवण झाली. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञानें सन १८५४ मध्यें तर्कशास्त्राचें एक बीजगणित मांडलें होतें. त्यांत प्रत्येक विधान खरें किंवा खोटें, एक किंवा शून्य, एवढेंच असतें. आतां विद्यार्थ्यांनीं आपल्या घरच्या दिव्याचा विचार करावा. एकाच तारेवर एकापुढें एक अशा दोन कळा बसविल्या, तर दिवा लागण्यास पहिली आणि दुसरी अशा दोन्ही दाबाव्या लागतील. त्याच कळा दोन शेजारशेजारच्या तारांवर बसविल्या, तर पहिली किंवा दुसरी, कोणतीहि एक पुरे. म्हणजे 'आणि' व 'किंवा' हे तर्कशास्त्रांतले दोन शब्द तांब्याच्या तारेंत उतरले! एरव्हीं हा विषय तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांचा. कळा व तारा हा मिस्त्रीचा. दोन्हीं घरचा पाहुणचार ज्यानें घेतला होता, त्याच्याच हें लक्षांत यावें यांत नवल नाहीं.

सन १९३७ मध्यें, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, शॅनन यांनीं हा विचार आपल्या एम. एस्सी.च्या प्रबंधांत मांडला. आजचा प्रत्येक संगणक आणि तुमच्याआमच्या खिशांतला प्रत्येक मोबाईल त्याच पायावर उभा आहे. त्या प्रबंधाबद्दल त्यांना अमेरिकन अभियंत्यांचें आल्फ्रेड नोबल पारितोषिक मिळालें. (हे आल्फ्रेड नोबल एक अमेरिकन अभियंते होते, स्वीडनचे सुप्रसिद्ध आल्फ्रेड नोबेल निराळे. दोघांची गल्लत करणारे आम्ही पहिले नव्हे, आणि शेवटचेहि नसूं.) पुढें १९४० मध्यें अनुवंशशास्त्राच्या गणितावर त्यांनीं डॉक्टरेट मिळविली, कांहीं महिने प्रिन्स्टन येथें काढले, आणि १९४१ मध्यें ते बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेंत रुजू झाले. महायुद्धाचा तो काळ. विमानवेधी तोफांचा नेम साधणें आणि गुप्तलिपीचें शास्त्र यांवर त्यांनीं काम केलें. सन १९४३ मध्यें इंग्लंडचे ॲलन ट्युरिंग तेथें आले असतां दोघे चहाच्या वेळीं भेटत व यंत्राला विचार करितां येईल काय, यावर बोलत. आपापल्या गुप्त कामाविषयीं मात्र दोघांनाहि बोलण्याची मोकळीक नव्हती.

शॅनन यांचें सर्वांत मोठें काम सन १९४८ मध्यें प्रसिद्ध झालें. निरोप मोजतां येतो, हा त्याचा गाभा. नाणें उडविल्यावर छाप कीं कांटा एवढें सांगण्यास जितकी माहिती लागते ती एक मापें. तिला 'बिट' म्हणतात. (हें नांव जॉन टुकी या त्यांच्या सहकाऱ्यानें सुचविलें.) होय किंवा नाहीं एवढेंच उत्तर देणारे वीस प्रश्न नीट विचारले, तर दहा लक्षांहून अधिक वस्तूंतून एक नेमकी हुडकून काढतां येते, कारण एकापासून आरंभ करून वीस वेळां दुणीत गेलें म्हणजे १०,४८,५७६ होतात. दुसरी गोष्ट याहून आश्चर्याची. तार असो कीं रेडिओ, वाटेंत गडबड ही होणारच. पूर्वीं असा समज होता कीं, चुका टाळावयाच्या असतील तर निरोप फार सावकाश पाठविला पाहिजे. शॅनन यांनीं सिद्ध केलें कीं, प्रत्येक वाटेची एक ठराविक मर्यादा असते, आणि तिच्या आंत राहून निरोपाची गुंफण योग्य प्रकारें केली, तर चुका हव्या तितक्या कमी करितां येतात. पावसानें भिजलेलें पत्र आपण वाचतों, त्यांतलीं पुसलेलीं अक्षरें शेजारच्या अक्षरांवरून ओळखतों. भाषेनें जी पुनरुक्ति आपोआप ठेविली आहे, ती येथें हिशेबानें ठेवावयाची. सन १९४९ मध्यें त्यांनीं प्रयोगशाळेंतील गणिती बेटी मूर यांच्याशीं विवाह केला. नवऱ्याच्या बहुतेक उद्योगांत या बाईंचा हात असे.

आतां ज्या भागासाठीं हें चरित्र सांगावयास घेतलें तो भाग. इतकें मोठें काम ज्यानें केलें त्याला लोक गंभीर व भारदस्त समजणार. परंतु न्यू जर्सीमधील मरे हिल येथील त्या प्रयोगशाळेच्या लांब ओसरींतून शॅनन एकचाकी सायकलीवर बसून जात, आणि जातां जातां हातांनीं तीन चेंडू उडवीत व झेलीत असत! ज्या खोल्यांतून ट्रान्झिस्टरचा शोध लागला त्यांच्या दारांवरून हा स्वार जाई, आणि सहकारी दार किलकिलें करून पाहत. हा केवळ चमत्कार करून दाखविण्याचा हव्यास नव्हता. दोन्ही विद्या त्यांनीं कसोशीनें अभ्यासल्या होत्या, आणि दोन्हींची घडण त्यांना समजून घ्यावयाची होती.

एकचाकीवर आम्ही स्वतः बसलों नाहीं. वयाचा आणि हाडांचा विचार केला. परंतु मागें आमच्या गांवच्या मैदानावर सर्कस उतरली होती, तेव्हां तंबूमागें एका एकचाकीस्वाराशीं पाऊण तास बोलण्याचा योग आला. लिंबांची झेलाझेल मात्र आम्हीं या सुट्टींत स्वतः करून पाहिली. त्यावरून या दोन विद्यांतला भेद जसा आम्हांस उमगला तसा सांगतों.

तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ सर्वांनीं केला असेल. काठी ज्या बाजूस कलेल त्या बाजूस हात न्यावा लागतो. एकचाकीचें तत्त्व तेंच. येथें स्वार ही काठी आणि चाक हा हात. स्वार पुढें कलला कीं पॅडल जोरानें मारून चाक त्याच्या अंगाखालीं आणावयाचें. मागें कलला कीं वेग आवरावयाचा. साध्या सायकलीचें पॅडल थांबविलें तरी ती आपल्या वेगानें धांवत राहते. एकचाकीचें पॅडल चाकाच्या आंसालाच जोडलेलें. पाय थांबले कीं चाक थांबलें, आणि चाक थांबलें कीं स्वार जमिनीवर. म्हणजे क्षणोक्षणीं पडावयाचें आणि क्षणोक्षणीं सांवरावयाचें. शिकणारा प्रथम भिंतीचा किंवा कठड्याचा आधार घेतो. सारें वजन बैठकीवर द्यावें व नजर चाकाकडे न ठेवतां दूर समोर ठेवावी, या दोन गोष्टी अंगवळणीं पडेपर्यंत पुष्कळ दिवस जातात. आमच्या त्या सर्कसवाल्या मित्राचें म्हणणें असें कीं, पंधरा दिवस कांहींच जमत नाहीं, आणि सोळाव्या दिवशीं एकाएकीं दहा हात जातां येतें. अर्धीमुर्धी एकचाकी कोणासहि येत नाहीं. मधली पायरीच नाहीं.

झेलाझेलीचें तसें नाहीं. तिला पायऱ्या आहेत. प्रथम एकच लिंबू या हातांतून त्या हातांत, डोळ्यांच्या उंचीपर्यंत उडवीत जावें. तें नेमकें त्याच उंचीला पोंचूं लागलें कीं दुसरें घ्यावें. पहिलें लिंबू शिखराला पोंचलें, कीं त्याच्या खालून दुसरें सोडावयाचें. येथें नवशिका हमखास चुकतो: तो दुसरें लिंबू उडवीतच नाहीं, हळूच आडवें दुसऱ्या हाताला देऊन टाकतो. आम्हीं हेंच चार दिवस केलें, आणि केलें हें आमच्या ध्यानांतहि आलें नाहीं. दोन लिंबें साधलीं कीं तिसरें. बिछान्यासमोर उभें राहून अभ्यास करावा, म्हणजे पडलेलीं लिंबें उचलण्यास फार वांकावें लागत नाहीं; ही युक्ति आमच्या घरच्या मंडळींनीं सुचविली, कारण स्वयंपाकघरांत आमच्या अभ्यासाचा त्यांना उपद्रव होऊं लागला होता. सागरगोटे खेळणाऱ्या मुलींना ही विद्या मुलांपेक्षां लवकर येते, असेंहि आम्हांस घरींच दिसून आलें.

आणखी एक भेद आहे, आणि आमच्या मतें तोच मुख्य. एकचाकीवरची चूक चालू असतांनाच दुरुस्त होते. पडणें पुरें होण्यापूर्वीं पायांना संधि मिळते. लिंबू एकदां हातांतून सुटलें कीं तुमची सत्ता संपली. तें कोठें पडणार हें सुटतांनाच ठरून गेलें. म्हणून झेलाझेलींत झेलण्याकडे नव्हे, तर उडविण्याकडे लक्ष द्यावें लागतें. उलटपक्षीं, झेलाझेलींत वेळ विकत घेतां येतो: लिंबू अधिक उंच उडवावें, म्हणजे अधिक सवड. मात्र ही खरेदी महाग पडते. सवड दुप्पट पाहिजे असेल तर उंची चौपट करावी लागते. आणि जितकें उंच, तितकें हातून सुटतांनाची बारीकशी चूक खालीं येईपर्यंत मोठी होते. तेव्हां कोणती विद्या अधिक कठीण? एकचाकीची सुरुवात कठीण आणि मग ती पुष्कळशी येऊन चुकते. झेलाझेलीची सुरुवात एका दुपारची, परंतु तिला शेवट नाहीं. तीनानंतर चार, चारानंतर पांच. शॅनन यांची मजल चार चेंडूंपर्यंत गेली. पांचवा त्यांना वश झाला नाहीं.

सन १९५६ मध्यें शॅनन पुन्हां एम. आय. टी.कडे आले, १९५८ पासून तेथें कायमचे प्राध्यापक झाले, आणि विंचेस्टर गांवीं तळ्याकांठच्या एका मोठ्या घरांत राहूं लागले. दोन मुलगे व एक मुलगी असा परिवार. घरांत यंत्रें फार. तळ्यावर उतरण्यासाठीं मुलांकरितां त्यांनीं दोरावरून सरकणारा पाळणा केला होता. एकचाक्या तर नाना तऱ्हेच्या केल्या. एकीचा आंस चाकाच्या मध्यावर नसून एका बाजूस होता, त्यामुळें स्वार बदकासारखा खालींवर होत चाले. रोमन अंकांत हिशेब करणारें यंत्र, ज्वाळा ओकणारी तुतारी, आणि कळ दाबतांच आंतून एक हात बाहेर येऊन तीच कळ बंद करून पुन्हां आंत जाणारी पेटी (मूळ कल्पना मार्व्हिन मिन्स्की यांची), असलीं कामें चाललेलीं असत. याआधीं, सन १९५० मध्यें, त्यांनीं चक्रव्यूहांतून वाट काढणारा एक यांत्रिक उंदीर केला होता. पंचवीस घरांचा चक्रव्यूह. उंदीर पहिल्या खेपेस धडपडत, भिंतींना आपटत वाट शोधी. दुसऱ्या खेपेस सरळ मुक्कामावर जाई. मौज अशी कीं आठवण उंदराला नव्हतीच. ती फळीखालच्या रिलेंत होती, आणि चुंबकाच्या ओढीनें उंदीर फिरत असे. यंत्र चुकांतून शिकूं शकतें हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें, तें असल्या खेळण्यांत.

सत्तरीच्या दशकांत एम. आय. टी.मध्यें झेलाझेल करणाऱ्या विद्यार्थ्यांचें एक मंडळ निघालें. शॅनन त्यांच्यांत जाऊन मिसळले. चेंडूंना धातूचा पातळ पत्रा गुंडाळून आणि बोटांवर तांब्याची जाळी बसवून, चेंडू हातांत किती वेळ राहतो आणि हात किती वेळ रिकामा असतो, हें ते विजेच्या घड्याळानें मोजीत. त्यांतून सुमारें १९८० सालीं त्यांचा एक निबंध तयार झाला. त्यांतील प्रमेय आमच्या नववीच्या विद्यार्थ्यांस समजण्याजोगें आहे. चेंडू हवेंत असतो तो उड्डाणकाल. हातांत असतो तो हस्तकाल. हात रिकामा असतो तो रिक्तकाल. उड्डाणकाल आणि हस्तकाल यांच्या बेरजेला हातांच्या संख्येनें गुणा. रिक्तकाल आणि हस्तकाल यांच्या बेरजेला चेंडूंच्या संख्येनें गुणा. दोन्ही गुणाकार समान येतात. कारण उघड आहे. चेंडू सर्व हातांना एकेकदां भेटून येतो, तेवढ्याच अवधींत एक हात सर्व चेंडूंना एकेकदां भेटतो. एकच फेरी, एकदां चेंडूच्या बाजूनें पाहिलेली आणि एकदां हाताच्या.

उदाहरण करून पाहूं. दोन हात, तीन चेंडू, हस्तकाल ०.४ सेकंद, रिक्तकाल ०.२ सेकंद धरूं. उजवी बाजू ३ × ०.६ = १.८. म्हणून उड्डाणकाल अधिक हस्तकाल ०.९, आणि उड्डाणकाल ०.५ सेकंद. गुरुत्वाकर्षणाच्या नियमानें एवढ्या वेळासाठीं चेंडू सुमारें एक फूट उंच जावा लागतो. आतां हात तितक्याच चपळाईनें चालवून चेंडू पांच करा. उजवी बाजू ३, बेरीज १.५, उड्डाणकाल १.१ सेकंद, आणि उंची जवळजवळ पांच फूट! दोनच चेंडू वाढले आणि उंची पांचपट झाली. पांचवा चेंडू कां साधत नाहीं, याचें उत्तर या चार ओळींच्या हिशेबांत आहे. भूमितीचा तास चालू असतां ज्या मुलाचीं लिंबें आम्हीं काढून घेतलीं, त्याच्या खिशांत गणिताचा एक चांगला प्रश्न होता. आणि आमच्याजवळ त्या वेळीं उत्तर नव्हतें.

एवढ्यावर शॅनन थांबले नाहींत. त्यांनीं डब्ल्यू. सी. फील्ड्स या विनोदी नटाचा (हा नट पूर्वायुष्यांत झेलाझेल करणाराच होता) एक बाहुला केला. तो पोलादाच्या तीन गोळ्या ढोलक्यावर आपटून उसळवी आणि झेली. वर उडविण्यापेक्षां खालीं आपटून झेलणें यंत्राला सोपें जातें, हें त्यांनीं हेरलें होतें.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. कांहीं जाणत्यांची अशी तक्रार होती कीं, चाळिशीनंतर शॅनन यांनीं मोठें कांहीं प्रसिद्ध केलें नाहीं, आणि एवढी बुद्धि खेळण्यांत घालविली. ही तक्रार अगदींच निराधार नाहीं. झेलाझेलीच्या प्रमेयानें कोणाचें पोट भरलें नाहीं, आणि ज्वाळा ओकणारी तुतारी ही तुतारीच. शिवाय त्यांच्याच सिद्धान्ताचा चोहोंकडे गवगवा होऊन जो तो आपापल्या विषयाला तो चिकटवूं लागला, तेव्हां १९५६ मध्यें त्यांनीं स्वतःच लोकांना सावध केलें. कीर्तीच्या लाटेवर आरूढ होऊन आणखी वीस निबंध लिहिणें त्यांना अवघड नव्हतें. तें त्यांनीं केलें नाहीं. आमचें मत विचाराल तर, ज्या हातांनीं कुंपणाची तार जोडली त्याच हातांनीं रिलेचें गणित सुटलें. त्यांतला खेळ तेवढा वेगळा काढून टाका असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस तरी वाटत नाहीं. परंतु हें आमचें मत आहे. वाचकांनीं आपलें ठरवावें.

सन १९७८ मध्यें ते निवृत्त झाले. १९८५ मध्यें इंग्लंडांत ब्रायटन येथें त्यांच्याच शास्त्राची परिषद भरली होती. हे पांढऱ्या केसांचे वृद्ध गृहस्थ कांहीं न कळवितां तेथें गेले व सभागृहांतून हिंडूं लागले. हे शॅनन आहेत अशी कुजबूज पसरली, तेव्हां कित्येकांना तें खरें वाटेना; ज्यांचें नांव त्यांनीं पुस्तकांत वाचलें होतें तो पुरुष हयात आहे हेंच त्यांना ठाऊक नव्हतें. रात्रीं भोजनप्रसंगीं त्यांना बोलावयास उभें केलें. ते थोडेंसें बोलले. मग श्रोते कंटाळतील अशी धास्ती वाटून त्यांनीं खिशांतून तीन चेंडू काढले आणि झेलाझेल सुरू केली. जगांतले नामांकित शास्त्रज्ञ उठून टाळ्या वाजवूं लागले, आणि नंतर स्वाक्षरीसाठीं त्यांच्यापुढें रांग लागली. त्याच वर्षीं जपानचें क्योटो पारितोषिक त्यांना मिळालें.

त्यानंतरचा भाग लिहितांना लेखणी जड होते. माहितीचें माप ज्यानें जगाला दिलें, त्याचीच स्मृति हळूहळू गेली. अल्झायमर या व्याधीनें त्यांना ग्रासलें. अखेरचीं वर्षें शुश्रूषागृहांत गेलीं, आणि बेटीबाई त्यांची देखभाल करीत राहिल्या. सन २००० च्या ऑक्टोबरांत गेलॉर्ड गांवानें त्यांचा पुतळा उभारला. तो समारंभ पाहण्याच्या स्थितींत ते नव्हते. घरोघरीं संगणक आले, जगभर त्यांचें जाळें विणलें गेलें, हें सारें त्यांच्या सिद्धान्ताचें फळ. तें त्यांच्या डोळ्यांदेखत पिकलें आणि त्यांना समजलें नाहीं. २४ फेब्रुवारी २००१ रोजीं, वयाच्या ८४ व्या वर्षीं, मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांचा यांत्रिक उंदीर एम. आय. टी.च्या संग्रहालयांत ठेवलेला आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशीं आम्हीं नववीच्या वर्गांत त्या विद्यार्थ्याची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. जप्त केलेलीं लिंबें कपाटांत वाळून कोळ झालीं होतीं. म्हणून बाजारांतून नवीं आणून दिलीं. त्यानें तीं घेतलीं, आणि मधल्या सुट्टींत आमच्याकडे येऊन, दुसरें लिंबू आम्ही उडवीत नसून नुसतें दुसऱ्या हाताला देतों, ही आमची चूक त्यानेंच प्रथम दाखवून दिली. प्रश्न विचारणें अद्याप पूर्वींसारखें सुरू झालेलें नाहीं. गेल्या आठवड्यांत दोन विचारले. चौथें लिंबू तो सध्यां शिकत आहे.